मे महिन्यातलं लग्न, फोनवरचा व्हिडिओ आणि चेहऱ्याचा खरा रंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. चुलत बहिणीच्या लग्नाचं शूटिंग घरच्याच दोन फोनवर झालं. सकाळी अंगणात हिरव्या नेटखाली हळद, संध्याकाळी हॉलमध्ये लग्न, रात्री वरात. आता क्लिप एकापुढे एक लावल्या तर एकीत नवरी हिरवट दिसते, दुसरीत निळसर, तिसरीत चेहराच काळवंडलेला. ब्राइटनेस वाढवला की सगळं राखाडी होतं आणि तयार फिल्टर लावला की चेहरा केशरी पडतो. कोणता स्लायडर आधी धरायचा आणि कुठवर न्यायचा, असं विचारलं आहे.

मी नागपुरात लग्नाचे आणि घरगुती कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट करते, आणि त्यातलं बरंचसं काम आता फोनवरच होतं. माझं म्हणणं असं, की नवरीचा चेहरा हेच माप धरा. आधी चेहऱ्यावरचा उजेड, मग व्हाइट बॅलन्स (म्हणजे उजेडामुळे चित्रावर आलेला रंगाचा कल काढणं), मग सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा). मांडव, फुलं, रोषणाई यांचं जे व्हायचं ते चेहऱ्याच्या मागून होऊ द्या. सगळी फ्रेम सुंदर आणि नवरी भलतीच, असा व्हिडिओ घरच्यांच्या काहीच कामाचा नसतो.

स्लायडरला हात लावायच्या आधी फोनची स्क्रीन ताळ्यावर आणा. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ चालू असेल तर ‘नॅचरल’ करा. नाईट लाइट, आय कम्फर्ट, आयफोनवर ट्रू टोन आणि नाईट शिफ्ट, हे सगळं बंद. ऑटो ब्राइटनेसही बंद करून उजेड मध्यावर ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक गोष्ट होते. फोन तापला की स्वतःला वाचवायला स्क्रीनचा उजेड आपोआप कमी करतो. गच्चीवर किंवा गाडीत बसून एडिट केलं तर स्क्रीन मंद होत जाते, तुम्ही क्लिप उजळवत जाता, आणि रात्री तोच व्हिडिओ बघितला तर सगळं पांढरंफटक. म्हणून कूलरसमोर, घरात, खिडकीकडे पाठ न करता बसा. चार्जिंग चालू असताना रंगाचं काम करू नका, फोन आणखी तापतो.

दुसरी तपासणी एचडीआरची, म्हणजे साध्यापेक्षा जास्त उजेड आणि रंग साठवणाऱ्या रेकॉर्डिंगची. गॅलरीत छान दिसणारी क्लिप एडिटिंग अॅपमध्ये घेतली की फिकट किंवा जळल्यासारखी दिसते, असं होत असेल तर ती क्लिप बहुधा एचडीआरमध्ये शूट झालेली आहे. आयफोन १२ पासून पुढच्या फोनमध्ये डॉल्बी व्हिजन एचडीआर रेकॉर्डिंग येतं आणि ते चालू आहे हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. दोन फोनपैकी एक एचडीआर आणि दुसरा साधा असेल तर दोघांच्या क्लिप नुसत्या स्लायडरने कधीच नीट जुळणार नाहीत. आधी एचडीआर क्लिप एसडीआरमध्ये, म्हणजे साध्या व्हिडिओत, बदलून घ्या. तुमच्या अॅपमध्ये प्रोजेक्टचा कलर स्पेस निवडता येत असेल तर तिथे एसडीआर किंवा रेक ७०९ (साध्या व्हिडिओचं रंगाचं माप) ठेवा. पुढच्या वेळेसाठी आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे एचडीआर व्हिडिओ बंद करता येतो. लग्नाचा व्हिडिओ शेवटी व्हॉट्सअॅपवर आणि मावशीच्या साध्या टीव्हीवर बघितला जाणार, तिथे एचडीआरचा उपयोग नाही, डोकेदुखीच जास्त.

आता उजेड. ब्राइटनेस वाढवल्यावर राखाडी का होतं, ते समजलं की निम्मी अडचण संपते. अनेक अॅपमध्ये ब्राइटनेस हा स्लायडर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सगळ्यालाच सारखाच उचलतो. काळे केस, काजळ, शालूची काळपट घडी, सगळं वर येतं, आणि चित्रात खरा काळा उरला नाही की ते धुरकट दिसतं. एक्स्पोजर हा स्लायडर बहुतेक ठिकाणी गुणाकार केल्यासारखा चालतो. काळं जवळपास काळंच राहतं, उजळ भाग जास्त उजळतो, पण आकाश आणि पांढरे सदरे पटकन जळतात. तुमच्या अॅपमध्ये कोणता स्लायडर काय करतो ते बघायचं असेल तर नवरीच्या केसांवर क्लिप थांबवा आणि स्लायडर टोकापर्यंत न्या. केस राखाडी झाले की कळलं. प्रत्येक अॅपची नावं आणि वागणूक वेगळी असते, त्यामुळे ही पाच मिनिटांची परीक्षा मी नवीन अॅप घेतलं की आधी करते.

चेहरा ना गडद भागात असतो ना झगझगीत भागात. तो मधल्या टप्प्यात असतो. तेवढाच टप्पा उचलायला हवा. काइनमास्टरमध्ये लिफ्ट, गामा आणि गेन असे तीन स्लायडर आहेत. त्यातला गामा मधल्या टप्प्याचा. इनशॉटसारख्या अॅपमध्ये कर्व्ह आहे. तिथे तिरप्या रेषेचं खालचं डावं टोक जागेवर ठेवा आणि मधोमध बोट टेकवून रेषा थोडी वर ढकला. गामाही नाही आणि कर्व्हही नाही, अशा साध्या अॅपमध्ये शॅडो (गडद भागांचा स्लायडर) थोडा वर, मग कॉन्ट्रास्ट अगदी जरासा वर. म्हणजे चेहरा उजळतो आणि केसांचा काळा परत येतो.

कुठवर न्यायचं? शॅडो शंभरपैकी वीस-पंचवीसच्या पुढे नेताना मी थांबून बघते. फोनचा साधा व्हिडिओ ८ बिटचा असतो, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या. त्यात फाइल लहान करण्यासाठी फोन व्हिडिओ दाबतो (कॉम्प्रेस करतो) आणि बरीच माहिती काढून टाकतो, आणि ती काढताना पहिला बळी अंधाऱ्या भागाचा जातो. तुम्ही अंधार उचलता तेव्हा तिथे फारसं काही उरलेलंच नसतं. चौकोनी ठिपके आणि वळवळणारे दाणे वर येतात. बघायची जागा म्हणजे अंबाड्याच्या भोवतीचे केस आणि गडद शालूचे काठ. क्लिप थांबवून नव्हे, चालू ठेवून बघा. थांबलेल्या फ्रेममध्ये दाणे लपतात, चालत्या क्लिपमध्ये मुंग्यांसारखे फिरतात. फिरायला लागले की एक पाऊल मागे या. चेहरा अजून थोडा गडद वाटला तरी चालेल.

उलट बाजूलाही तसंच. नवरदेवाचा पांढरा सदरा जळलाय असं वाटलं तर हायलाइट (उजळ भागांचा स्लायडर) खाली आणा. सदऱ्याची शिवण, बटणं, सुरकुत्या परत दिसल्या तर ठीक. काहीच परत न येता पांढऱ्या जागी सपाट राखाडी डाग आला तर तिथली माहिती शूटिंगच्या वेळीच गेली, आता कोणत्याही अॅपला ती आणता येणार नाही. तेव्हा हायलाइट परत जागेवर नेऊन ठेवा. स्वच्छ पांढरं राहिलेलं डोळ्याला चालतं, मळकं राखाडी चालत नाही. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. कपाळ आणि नाक पेटतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख. अशा क्लिपमध्ये हायलाइट पंधरा-वीसने खाली आणि शॅडो तेवढाच वर, याहून जास्त ओढलं तर चेहरा मेणाचा दिसतो.

आता हिरव्या नेटकडे. उन्हाळ्यात अंगणावर ताणलेल्या नेटमधून येणारा उजेड हिरवाच असतो आणि तो गालांवर उतरतो. बहुतेक लोक इथे वॉर्म्थ किंवा टेम्परेचर वाढवतात. त्याने हिरवट चेहरा पिवळट-हिरवा होतो, बस. टेम्परेचरचा स्लायडर निळ्या आणि पिवळ्याच्या मधे फिरतो; हिरव्याचा बंदोबस्त त्याच्याकडे नाही. त्यासाठी शेजारचा टिंट धरा. तो हिरवा आणि मजेंटा (गुलाबी-जांभळा) यांच्या मधे फिरतो. हळूहळू मजेंटाकडे न्या, ओठांना ओठांचा रंग येईपर्यंत. हातावर मजेंटा दिसायला लागला की थोडं परत या. त्यानंतरच टेम्परेचरला हात लावा. गुलाबी कापडाचा मांडव असेल तर टिंट उलटा, हिरव्याकडे; भगवा असेल तर मुख्यतः टेम्परेचर निळ्याकडे.

व्हाइट बॅलन्ससाठी फ्रेममधलं पांढरं काहीतरी बघा असं सगळे सांगतात. पांढऱ्या कपड्यावर फार विसंबू नका. नीळ दिलेलं धोतर, नवा कोरा शर्ट मुळातच निळसर असतात. त्यांना शुद्ध पांढरं करायला गेलात तर चेहरा पिवळा पडतो. स्टीलचं ताट आजूबाजूचे रंग उचलतं, तेही कामाचं नाही. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो अंगणातला सिमेंटचा कोबा. राखाडी आणि लपवाछपवी न करणारा. फक्त नेटच्या सावलीतला कोबा बघा, बाहेर उन्हात पडलेला नव्हे.

हळदीच्या क्लिपमधली खरी गंमत वेगळीच असते. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स फ्रेममध्ये पिवळं जास्त दिसलं की उजेडच पिवळा आहे असं समजतो आणि निळा मिसळतो. कॅमेरा हळद लावलेल्या चेहऱ्याजवळ गेला की चित्र निळसर, मागे आला की पुन्हा मूळचं. एकाच क्लिपमध्ये रंग असा सरकतो. तुमची ‘निळसर’ क्लिप हीच असणार. ती सरसकट एका स्लायडरने सुधारत नाही. रंग जिथे बदलायला लागतो तिथे क्लिप कापा, दोन्ही तुकडे वेगवेगळे जुळवा, आणि सांध्यावर दोन सेकंदांचा दुसरा शॉट टाका: हळदीची वाटी, आंब्याची पानं, आत्याचं हसू. अॅपमध्ये रंगासाठी कीफ्रेम (क्लिपमध्ये ठरावीक क्षणी स्लायडरची जागा बदलायची खूण) असेल तर कापायची गरज नाही, सरकणाऱ्या रंगावर सरकती दुरुस्ती बसवता येते.

उजेडाच्या बाबतीतही फोन असाच फसतो, आणि याचा सराव करायला नागपूरसारखं गाव नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा शूट करून बघा. काळी मारबत फ्रेममध्ये भरली की फोनला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि काळी मारबत राखाडी होते, मागचं आकाश जळतं. पिवळी मारबत जवळ आली की रंग निळ्याकडे कलतो. उलट, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरा स्तूप आणि पांढऱ्या कपड्यातला जनसागर एकत्र येतो, तिथे फोन उजेड कमी करतो आणि चेहरे गडद पडतात. दोन्ही ठिकाणी उपाय एकच. चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करायचं, म्हणजे फोन उजेड आपोआप बदलत नाही. आयफोनवर या लॉकने व्हाइट बॅलन्स लॉक होतोच असं धरू नका. त्याचा वेगळा पर्याय रेकॉर्ड व्हिडिओच्या सेटिंगमध्ये आहे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप फुकट आहे, २०२३ मध्ये आयफोनवर आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडवर आलं. ते आपल्या फोनवर चालत असेल तर व्हाइट बॅलन्स केल्व्हिनमध्ये (उजेडाच्या रंगाचं माप) पक्का करता येतो. बाहेरच्या उन्हाला ५६०० च्या आसपास ठेवा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. चेहरा उजळ करणं आणि चेहरा गोरा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या लग्नांच्या व्हिडिओत त्या सर्रास एक केल्या जातात. ‘मॅडम, नवरी जरा उजळ करा’ असं सांगणारे नातेवाईक मला दर हंगामात भेटतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: डोळे दिसतील, हसू दिसेल, नथीचा मोती दिसेल इतका उजेड मी आणीन. तिचा वर्ण बदलणार नाही. दहा वर्षांनी तिची मुलगी तो व्हिडिओ बघेल, तेव्हा तिला आपली आई दिसली पाहिजे.

याला रंगशास्त्राचाही आधार आहे. माणसाची त्वचा गोरी असो, गव्हाळ असो वा सावळी, रंगाच्या चक्रावर ती लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका चिंचोळ्या पट्ट्यातच येते. फरक मुख्यतः उजेडाच्या पातळीत आणि गडदपणात असतो. म्हणजे सावळ्या चेहऱ्याचा रंग बरोबर असेल तर तो गडद असूनही जिवंत दिसतो. तो निर्जीव दिसतो तेव्हा दोष बहुतेक वेळा टिंटचा असतो, हिरवा किंवा राखाडी कल आलेला असतो, आणि लोक तो दोष उजेड वाढवून झाकायला जातात. आधी टिंट दुरुस्त करा आणि मग ठरवा की उजेड हवा आहे का. कित्येकदा नकोच असतो.

एचएसएल (एकेक रंग वेगळा धरून बदलायची सोय) असलेल्या अॅपमध्ये त्वचा बहुतांशी ऑरेंज या पट्ट्यात सापडते. हळद पिवळ्यात. हळदीने चेहरा फारच भडक दिसत असेल तर यलोचं सॅच्युरेशन दहा-पंधराने कमी करा आणि ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) किंचित खाली. ऑरेंजला शिवू नका. मग हळद हळदीसारखी दिसते आणि तिच्याखालची त्वचा त्वचेसारखी. याहून जोरात ओढाल तर हळदीच्या कडांना करवतीसारखे दाते पडतील. फोनच्या साध्या व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या एक चतुर्थांश इतक्याच ठिकाणांवर साठवलेली असते, त्यामुळे एकाच रंगाला धरून केलेली ओढाताण कडेला लगेच उघडी पडते. ऑरेंजचं ल्युमिनन्स वर नेणं हा तर गोरं करण्याचा चोरवाटेचा स्लायडर आहे. ब्यूटी मोडइतकाच वाईट.

नवरी सावळी आणि नवरदेव गोरा, दोघं एका फ्रेममध्ये, तेव्हा काय करायचं? त्याचं कपाळ जळणार नाही इथपर्यंत उजेड न्या आणि तिचे डोळे स्पष्ट होतात का बघा. होत नसतील तर गामा थोडा वर, हायलाइट थोडा खाली. दोघांना एका वर्णाचं करू नका. आणि शंका आली तर तिला स्वतःला विचारा. फोनमधला तिचा एखादा सकाळच्या सावलीतला, ब्यूटी मोड नसलेला फोटो जवळ ठेवा आणि क्लिप त्याच्याशी ताडून बघा.

हॉलमधल्या क्लिपबद्दल दोनच गोष्टी. स्टेजवर निळे-जांभळे एलईडी असतील तर तो निळा रंग इतका भरलेला असतो की त्यामागे चेहऱ्याचा खरा रंग उरलेलाच नसतो. टेम्परेचर ओढून काही मिळत नाही. ब्लू आणि पर्पलचं सॅच्युरेशन कमी करा, जमेल तितकं मऊ करा, आणि तो शॉट लहान ठेवा. आणि चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर ती रंगाची अडचण नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शूट करतानाच शटर (एका फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला असता तर पट्टे बहुतेक आले नसते. आता कोणताही स्लायडर ते घालवणार नाही.

क्लिप एकमेकींशी जुळवताना सगळ्यात चांगली एक निवडा, तिच्यातला चेहरा पूर्ण मनासारखा करा, आणि बाकीच्या तिच्याशी जुळवा. इथे एक युक्ती सांगते जी मी रोज वापरते. दोन्ही क्लिपचं सॅच्युरेशन अगदी खालच्या टोकाला नेऊन चित्र काळं-पांढरं करा. रंग डोळ्यासमोरून गेला की कोणता चेहरा किती उजळ आहे ते लख्ख कळतं. तसा उजेड जुळवा, मग सॅच्युरेशन परत आणा आणि रंग जुळवा. सलग बघत राहिलं की डोळा चुकीच्या रंगालाही सरावतो, म्हणून अधूनमधून फोन खाली ठेवून खिडकीबाहेर बघा.

फिल्टर सगळं जुळल्यावरच. शंभर टक्के कधीच नाही, वीस-तीस पुरतो. नेटवर मिळणारे ‘सिनेमॅटिक’ लट (LUT, म्हणजे रंग बदलणाऱ्या तयार फाइली) पुष्कळदा लॉग व्हिडिओसाठी, म्हणजे रंग नंतर चढवायचा म्हणून मुद्दाम फिकट शूट केलेल्या व्हिडिओसाठी, बनवलेले असतात; आयफोन १५ प्रोसारख्या फोनमध्ये लॉग मिळतो, साध्या फोनच्या साध्या क्लिपवर तोच लट टाकला की काळे भाग बुडतात आणि चेहरा केशरी होतो. तुमच्या केशरी नवरीचं कारण हेच असावं, किंवा फिल्टर हिरवा कल न काढताच लावला गेला असेल.

वरातीला हात जपून लावा. ती रात्र आहे, रात्रच दिसू द्या. दिव्यांच्या उजेडात नाचणारे चेहरे दिसले म्हणजे पुरे. मागच्या अंधारातला रस्ता उजळवायला गेलात तर नुसते दाणे मिळतील.

एक्स्पोर्ट १०८० मध्ये, बिटरेट (सेकंदाला किती माहिती साठवायची ते) अॅप देईल त्यातला वरचा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबून टाकतं आणि जपून उचललेल्या सावल्यांत परत चौकोन येतात. पूर्ण व्हिडिओ पाठवायच्या आधी हळदीची तीस सेकंदं आणि हॉलची तीस सेकंदं एक्स्पोर्ट करा, घरातल्या सगळ्यात साध्या फोनवर आणि टीव्हीवर लावून बघा. टीव्हीवर सगळंच भडक दिसलं तर आधी टीव्हीचा पिक्चर मोड बघा, तो बहुतेक घरांत व्हिव्हिडवरच असतो. मूळ क्लिप मात्र पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय फोनमधून काढू नका, जागा कितीही कमी पडली तरी.